फायलीत अडकलेला स्टेंट

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात तो स्टेंट म्हणजे बहुधा कोबाल्ट-क्रोमियमची एक जाळीदार नळी. लांबी एक ते पाच सेंटिमीटरच्या आसपास, जाळीच्या तारेची जाडी ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे केसाइतकी, आणि वजन मिलिग्रॅममध्ये मोजायचं. कारखान्यात मात्र या नळ्यांच्या प्रत्येक लॉटबरोबर एक जाडजूड फाईल फिरत असते. मूळ नळी धातूच्या कोणत्या हीटमधली म्हणजे वितळवलेल्या घाण्यातली, लेझरने जाळी कापली ते मशीन कोणतं, इलेक्ट्रोपॉलिशिंगनंतर वजन किती भरलं, औषधाचा थर देण्याआधी किती होतं आणि दिल्यावर किती झालं, बलूनवर दाबून बसवलं म्हणजे क्रिंप कोणी केलं, पाऊच किती तापमानाला सील झालं, निर्जंतुकीकरणाच्या एथिलीन ऑक्साइड चेंबरमध्ये कोणती सायकल चालली, हे सगळं तिच्यात असतं. प्रत्येक पायरीपुढे 'केले' आणि 'तपासले' असे दोन रकाने, आणि प्रत्येक रकान्यात सही, तारीख, वेळ. आपल्याकडच्या कारखान्यांत या फाईलला बीएमआर म्हणतात, म्हणजे बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्ड.

माल तयार होऊन स्टोअरला जातो, पण बाहेर पडत नाही. क्यूएच्या म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या टेबलावर फाईल उघडली जाते, पान पान तपासलं जातं. कुठे तारीख राहिलेली असते, कुठे ७ चा १ झालेला असतो, कुठे चुकलेला आकडा एका रेघेने खोडून बाजूला सही करण्याऐवजी गिरवलेला असतो. फाईल परत लाईनवर जाते. तोवर तो ऑपरेटर दुसऱ्या शिफ्टला गेलेला असतो किंवा गावी. अशा वेळी प्रॉडक्शनवाल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'माल रेडी आहे हो, फाईल अडकलीय.'

लीन म्हणजे वाया जाणारं काम हुडकून काढून टाकण्याची टोयोटाची पद्धत. तिच्या चष्म्यातून या फाईलकडे पाहिलं तर काय दिसतं? टोयोटाच्या ताइइची ओनोने कारखान्यातल्या वाया जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, ताटकळणं, वाहतूक, नको तितकी प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. सहीच्या रकान्याला कसोटी लावा. त्या सहीमुळे स्टेंट अधिक मजबूत होत नाही, गुळगुळीत होत नाही, रुग्णाला काही जास्तीचं मिळत नाही. म्हणजे लीनच्या हिशेबात ती फाईल हाच वाया जाणारा खर्च. कायद्याच्या हिशेबात मात्र उलट: फाईल नसेल तर स्टेंट भंगारात. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात लीन आणताना पहिली टक्कर होते ती इथे, आणि ती टाळता येत नाही.

कायदा असा हट्टी का, याला सबळ कारण आहे. मोटारीच्या दाराची बिजागरी नीट बसली की नाही, हे दार उघडून-मिटून कळतं. पाऊचचं सील पुरेसं घट्ट आहे का, हे बघायचं तर सील फाडून बघावं लागतं. आतला स्टेंट खरोखर निर्जंतुक झाला का, हे कळायला पाकीट फोडावं लागतं. म्हणजे जो नग तपासला तो विकता येत नाही आणि जो विकायचा तो तपासता येत नाही. अशा प्रक्रियांची आधी पद्धतशीर चाचणी करून त्यांच्या मर्यादा ठरवायच्या, आणि रोज त्या मर्यादांत काम झालं याची नोंद ठेवायची, एवढाच मार्ग उरतो. अमेरिकेच्या एफडीएने १९७८ साली उपकरणांच्या उत्पादनासाठी पहिले नियम आणले आणि १९९६ साली ते नव्याने लिहिले. आपल्याकडे 'मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७' हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि त्यांच्या पाचव्या अनुसूचीत गुणवत्ता व्यवस्थेच्या अटी आहेत. ऑडिटर लोकांचा सगळीकडचा नियम एकच: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही.

पण लिहिलं म्हणजे केलं, असं तरी कुठे आहे? ब्यॉर्क-शायली नावाच्या हृदयाच्या कृत्रिम झडपेची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. कॅलिफोर्नियातल्या शायली कंपनीची ही झडप १९७९ ते १९८६ या काळात विकली गेली आणि जगभरात सुमारे ८६,००० रुग्णांच्या हृदयात बसवली गेली. झडपेतली चकती जागेवर धरून ठेवणारा तारेचा छोटा आधार कड्याला वेल्डिंगने जोडलेला होता. काही झडपांत तो आधार तुटला, चकती निसटली. असे सहाशेहून अधिक प्रसंग नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दगावले. दोष रचनेत होता, वेल्डिंगमध्ये होता. पण १९९० साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने या प्रकरणावर अहवाल काढला तेव्हा उत्पादनाच्या कागदांबद्दलही नको ते बाहेर आलं. काही झडपांच्या कार्डांवर ज्या व्यक्तीच्या नावाने काम झाल्याची नोंद होती, ती व्यक्ती कंपनी सोडून गेलेली होती. कागद पूर्ण होता, रकाने भरलेले होते, फक्त सही करणारं माणूस तिथे नव्हतं.

कागदाची ही दुहेरी अडचण आहे. तो उत्पादन अडवतो, आणि अडवूनही खोट्याला अडवत नाही. सॉफ्टवेअरचा प्रश्न येतो तो या ठिकाणी.

ज्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायचं त्याला एमईएस म्हणतात, मॅन्युफॅक्चरिंग एक्झिक्युशन सिस्टिम. ईआरपीला ऑर्डर, स्टोअर आणि बिलं कळतात. लाईनवर या मिनिटाला काय चाललंय ते त्याला कळत नाही. एमईएसला तेच कळतं. वैद्यकीय उपकरणांपुरती बाजारपेठही एवढी मोठी आहे की या क्षेत्रात नाव असलेली कॅमस्टार ही कंपनी सीमेन्सने २०१४ साली विकत घेतली. पण कंपन्यांच्या नावांत शिरण्यापेक्षा एका टेबलाशी उभं राहून पाहू.

टेबल पाऊच सीलिंगचं. खोली क्लीनरूम. ऑपरेटर डोक्यापासून पायापर्यंत गाऊनमध्ये, हातात ग्लोव्हज. कागदाच्या काळात तिचं काम असं चालतं: पाऊच जबड्यात धरायचं, पेडल दाबायचं, सील होऊन आलं की उजेडासमोर धरून सुरकुती किंवा पोकळी दिसते का बघायचं, ट्रेमध्ये ठेवायचं. ठरावीक वेळाने मशीनच्या डिस्प्लेवरचं तापमान, दाब आणि सेकंद वाचून फॉर्मवर लिहायचे. फॉर्मसुद्धा साधा कागद नसतो. क्लीनरूममध्ये धूळ-तंतू न सोडणारा खास कागद लागतो. हातातलं काम थांबवून पेन घ्यायचं, लिहायचं, ग्लोव्हज बदलायचे. माणसाचा स्वभाव लक्षात घेता पुढे काय होणार ते सांगायला नको. शिफ्ट संपता संपता आठही ओळी एका बैठकीत भरल्या जातात. अनुभवी ऑडिटर आकडे वाचतच नाही, आधी अक्षर बघतो. आठ तासांच्या आठ नोंदी एकाच तिरक्या अक्षरात, एकाच शाईत, एकाच झपाट्यात उतरलेल्या दिसल्या की तो खुर्ची पुढे ओढतो.

आता तेच टेबल एमईएससह. ऑपरेटर बॅज स्कॅन करते. तिच्या सीलिंगच्या ट्रेनिंगची मुदत संपलेली असेल तर स्टेशन उघडतच नाही. लॉटचा बारकोड, पाऊचच्या रोलचा बारकोड स्कॅन होतो. रोल वेगळ्या मापाचा किंवा मुदत उलटलेला असला तर पुढची पायरी येत नाही. मशीनचं कॅलिब्रेशन कालच बाद झालं असेल तर तेही इथेच अडतं. प्रत्येक सीलचं तापमान, दाब, वेळ मशीन स्वतः पाठवतं. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला की लॉट होल्डवर जातो, सुपरवायझरच्या स्क्रीनवर लाल दिवा लागतो. ऑपरेटरने काहीच लिहिलेलं नसतं, आणि तरी सगळं लिहिलं गेलेलं असतं.

हे पाहून नवल करण्याचं कारण नाही, कारण कल्पना संगणकाहून जुनी आहे. टोयोटाचा पाया घालणाऱ्या साकिची टोयोडाचा १९२४ सालचा 'टाइप जी' स्वयंचलित माग ताण्याचा एक धागा तुटला तरी आपोआप थांबे. तुटक्या धाग्याचं कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेला माग बरा, आणि थांबणाऱ्या मागाशेजारी माणसाने डोळ्यांत तेल घालून उभं राहण्याची गरज नसल्यामुळे एक कामगार अनेक माग सांभाळू शकतो. १९२९ साली या मागाचं पेटंट इंग्लंडमधल्या प्लॅट ब्रदर्स या बलाढ्य कंपनीने घेतलं. चूक झाल्याबरोबर काम थांबलं पाहिजे, ही लीनच्या दोन मुख्य आधारांपैकी एक गोष्ट टोयोटाने मोटारींच्या आधी मागावर साधली होती. सीलिंग मशीनवरचा होल्ड हा त्या मागाचाच वंशज आहे.

दुसरा आधार म्हणजे हवं तेवढंच, हवं तेव्हा. सॉफ्टवेअरची खरी कमाई मला या बाजूला दिसते, आणि तिच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. सॉफ्टवेअरचे सेल्समन 'पेपरलेस' म्हणत कागदाची आणि कपाटांची बचत मोजून दाखवतात. ती किरकोळ आहे. मोठी गोष्ट लॉटच्या आकाराची.

टोयोटाच्या कारखान्यात हजार टनी प्रेसची डाय बदलायला एके काळी चार तास लागत. चार तास घालवून डाय चढवली की कोण दहा पत्रे दाबून ती उतरवेल? हजारो दाबून ठेवायचे आणि मग साठे सांभाळत बसायचं. सल्लागार शिगेओ शिंगोने १९६९-७० च्या सुमारास तिथल्या लोकांबरोबर ही वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणली, आणि छोटे लॉट काढणं परवडू लागलं. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात डायची जागा फाईलने घेतलेली असते. लॉट शंभराचा असो की हजाराचा, बीएमआर तेवढीच जाड. छपाई, वाटप, लाईन क्लिअरन्स (आधीच्या लॉटचं काही लाईनवर राहिलं नाही याची खात्री), सह्या, क्यूएची तपासणी सगळं तेवढंच. मग प्लॅनिंगवाला साहजिकच हजाराचा लॉट टाकतो. हजाराचा लॉट म्हणजे प्रत्येक टेबलामागे ढीग, पॉलिशिंगमधली चूक कोटिंगपर्यंत लक्षात न येणं, आणि उद्या बाजारातून माल परत बोलवायची वेळ आली तर हजार नग शोधणं. लोक बॅचच्या मोठ्या आकाराला सवय समजतात, मॅनेजरला दोष देतात. त्या आकाराचं मूळ कपाटातल्या फायलींत असतं. नोंद कामासोबत आपोआप होऊ लागली की फाईलचा 'सेटअप' जवळपास शून्यावर येतो, आणि छोटा लॉट पहिल्यांदा परवडतो.

तपासणीचंही तसंच. सॉफ्टवेअर क्यूएला सगळी पानं दाखवत नाही, फक्त जिथे काही वेगळं घडलं तेवढंच दाखवतं. दोन हजार नोंदींपैकी तीन मर्यादेबाहेर असतील तर माणसाचं डोकं त्या तिनांवर लागतं. याआधी तेच डोकं राहिलेल्या तारखा हुडकण्यात शिणत होतं आणि त्या तिनांपर्यंत पोचताना डोळे जड झालेले असत.

स्टेंटच्या बाबतीत एक भिंत मात्र तशीच उभी राहते: निर्जंतुकीकरण. एथिलीन ऑक्साइडचा चेंबर एकेका नगासाठी चालवता येत नाही. तो भरावा लागतो, सायकल संपल्यावर वायूचा अंश उतरेपर्यंत माल ठेवावा लागतो. लाईन कितीही सरळ वाहती केली तरी ती इथे येऊन तुंबते. याला सॉफ्टवेअरकडे उपाय नाही. फार तर कोणता लॉट कोणत्या फेरीत बसेल याचं गणित ते चांगलं करतं, आणि वेगवेगळ्या छोट्या लॉटचे खोके एका चेंबरमध्ये गेले तरी त्यांची सरमिसळ होऊ देत नाही.

एवढं सगळं चांगलं असेल तर एमईएस बसवूनही अनेक कारखाने पूर्वीइतकेच धापा का टाकतात? बहुतेक ठिकाणी चूक पहिल्याच महिन्यात झालेली असते. जुनी बीएमआर उचलायची आणि जशीच्या तशी टॅबलेटवर चढवायची. पन्नास पानांचे पन्नास स्क्रीन. 'केले', 'तपासले'चे तेच रकाने, आता बोटाने टिकमार्क करायचे. यात कागद गेला, काम मात्र तेवढंच राहिलं. उलट ग्लोव्हज घालून टचस्क्रीन दाबण्याची कटकट वाढली.

समजा स्टेंटच्या लाईनवर सूक्ष्मदर्शकाखाली चार वेळा तपासणी होते: कापल्यावर, पॉलिशनंतर, कोटिंगनंतर, आणि क्रिंप करण्याआधी आणखी एकदा. ही चौथी कशासाठी? जुन्या लोकांना विचारलं तर कोणीतरी सांगतं की मागे कधीतरी एक तक्रार आली होती, कापात म्हणजे सुधारणा-प्रतिबंधाच्या कारवाईत ही तपासणी वाढवली, मग ती राहून गेली. तक्रारीचं मूळ तर फिक्स्चर बदलल्यावर संपलेलं असतं. लीनवाला माणूस भिंतीवर कागद चिकटवून सगळा प्रवाह काढतो, ताटकळण्याचे तास लिहितो आणि ही चौथी तपासणी धोक्याच्या विश्लेषणाला धरून रद्द करतो. हे सॉफ्टवेअरआधी झालं तर ठीक. नंतर करायचं म्हटलं तर त्या तपासणीचा स्क्रीन तयार झालेला असतो, त्या स्क्रीनचं व्हॅलिडेशन म्हणजे तो ठरल्याप्रमाणे चालतो याची लेखी सिद्धता झालेली असते, आणि तिला हात लावायला कोणी धजावत नाही. ओल्या सिमेंटात उमटलेलं पाऊल जसं कायमचं राहतं, तशी ती राहते.

आणि हा फक्त आळसाचा भाग नाही, यात खरा पेच आहे. काइझेन म्हणतं, रोज थोडं बदला. टेबलाशी काम करणाऱ्याला सुचलेली सुधारणा उद्या लागू व्हायला हवी. उत्पादनात वापरायच्या सॉफ्टवेअरबद्दल नियम म्हणतात, ते अपेक्षित काम करतं हे सिद्ध करा, आणि बदललंत तर पुन्हा सिद्ध करा. पुण्याच्या चाकण-भोसरी पट्ट्यात मोटारींच्या धंद्यात मुरलेला इंजिनीअर वैद्यकीय उपकरणांत येतो तेव्हा त्याला पहिला झटका इथे बसतो. जुन्या नोकरीत दोन स्क्रीनची अदलाबदल दुपारी सुचली की संध्याकाळी व्हायची. इथे चेंज कंट्रोलचा फॉर्म, परिणामांचं मूल्यमापन, चाचणीच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट, सह्या. एका बटणाचा रंग बदलायला तीन आठवडे गेले तर ऑपरेटर पुढच्या वेळी काही सुचवण्याच्या भानगडीत पडत नाही. सूचनापेटी रिकामी राहते आणि लीन भिंतीवरच्या पोस्टरपुरतं उरतं.

नियामकांनाही हे कळलेलं आहे. एफडीएने २०२२ साली उत्पादन आणि गुणवत्ता व्यवस्थेत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल नव्या मार्गदर्शनाचा मसुदा काढला आणि २०२५ साली तो अंतिम केला. सार असं: सॉफ्टवेअर चुकलं तर रुग्णाला धोका किती, ते आधी ठरवा. सीलच्या तापमानाची मर्यादा तपासणारा भाग चुकला तर धोका मोठा, तिथे काटेकोर, लेखी, पायरीपायरीची चाचणी करा. शिफ्टचा तक्ता दाखवणारा स्क्रीन चुकला तर रुग्णाला काहीच होत नाही, तिथे हलकी चाचणी आणि थोडक्यात नोंद पुरे. म्हणजे कागदाचं वजन धोक्याच्या वजनाइतकं ठेवा. अमेरिकेचे उपकरण-नियम २ फेब्रुवारी २०२६ पासून आयएसओ १३४८५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीशी जोडले गेले, आणि त्या मानकातही सॉफ्टवेअरची तपासणी धोक्याच्या प्रमाणात असावी असंच म्हटलं आहे. अडचण कायद्यापेक्षा कारखान्यांच्या धास्तीत जास्त आहे. ऑडिटर विचारेल या भीतीने लोक मागितलं त्याच्या दुप्पट कागद तयार ठेवतात.

म्हणून सॉफ्टवेअर बसवताना त्याचे तुकडे कसे पाडायचे, याला फार महत्त्व येतं. मर्यादा, होल्ड, ट्रेनिंग आणि कॅलिब्रेशनची कुलपं एका बाजूला, क्वचितच बदलणारी. सूचनांचे फोटो, स्क्रीनवरची मांडणी, टेबलांचा क्रम दुसऱ्या बाजूला, सहज बदलता येणारी. घर बांधताना भिंती कोणत्या आणि पडदे कोणते ते ठरवतात, तेवढंच. पण हे ठरवायला सॉफ्टवेअरवाल्याला, क्यूएवाल्याला आणि लाईनवरच्या माणसाला एका टेबलाशी बसावं लागतं, आणि तिघांची भाषा वेगळी असते.

कधी कधी तर सॉफ्टवेअरच लागत नाही. शिंगोच्या १९६१ सालच्या गोष्टीत यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात कामगार एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवत, आणि एखादी बसवायची विसरून जात. शिंगोने सुचवलं की आधी डब्यातून दोन स्प्रिंग काढून एका बशीत ठेवा, मग बसवा. बशीत स्प्रिंग उरली की चूक डोळ्यांसमोर. कॅथेटरच्या किटमध्ये सात वस्तू भरायच्या असतील तर सात खाचांचा ट्रे हे काम करतो. त्यासाठी कॅमेरा, इमेज प्रोसेसिंग आणि त्याचं व्हॅलिडेशन उभं करणारे कारखाने आहेत, आणि तो कॅमेरा दिव्याचा कोन बदलला की चांगल्या किटला नापास करतो.

सॉफ्टवेअरचा आणखी एक दुष्परिणाम डोळ्यांवर होतो. पुढच्या टेबलाला माल हवा हे सांगणारं कानबान कार्ड हातात धरायचं असतं, रिकामी बिन दिसते, ढीग दिसतो. तेच सगळं स्क्रीनवर गेलं की मॅनेजर केबिनमध्ये बसून डॅशबोर्ड बघतो. लाईनचा टक्का हिरवा आहे, म्हणजे सगळं ठीक. ओनो आपल्या लोकांना कारखान्याच्या फरशीवर खडूने काढलेल्या वर्तुळात तासन्‌तास उभं करायचा आणि काय दिसलं ते विचारायचा. डॅशबोर्डवर ऑपरेटर वाकून तिसऱ्या रॅकमधून ट्रे उचलते ते दिसत नाही. स्क्रीनवर दर मिनिटाला येणारी खिडकी ती न वाचता 'ओके' करते, तेही दिसत नाही. नोंदीत मात्र 'सूचना वाचली' असं पक्कं उमटतं.

आणि मग पासवर्ड. इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांबद्दल एफडीएचा १९९७ सालचा नियम सांगतो की प्रत्येक सही एकाच व्यक्तीची असली पाहिजे, ती दुसऱ्याला देता येणार नाही, आणि कोणी काय बदललं याचा मागोवा राहिला पाहिजे. पण लॉगिनला पाऊण मिनिट लागत असेल, आणि शिफ्टमध्ये चाळीस वेळा लॉगिन करावं लागत असेल, तर सीनियर ऑपरेटरचा बॅज टेबलाला लटकलेला दिसणारच. सगळे त्याच बॅजवर काम करतात. शायलीच्या कार्डांवरची गैरहजर सही इथे परत येते, आता अचूक वेळेच्या ठशासह. यावर दंडाचं परिपत्रक काढून काही होत नाही. लॉगिन दोन सेकंदांवर आणणं हा उपाय, आणि ते सेकंद घड्याळ हातात घेऊन मोजणारा माणूस लीनच्या शाळेतला असतो, आयटीच्या नव्हे.

आपल्याकडे हा विषय आता मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. सुरत आणि वापी इथे स्टेंटचे मोठे कारखाने आहेत. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती बांधल्या: साधा ७,२६० रुपये, औषधयुक्त २९,६०० रुपये. त्याआधी औषधयुक्त स्टेंट रुग्णाला लाखाच्या वर पडणं सर्रास होतं. ओनोचा जुना हिशेब असा होता की किंमत आपल्या हातात नसते, म्हणून नफा खर्चातूनच काढावा लागतो. इथे किंमत सरकारी आदेशानेच हातातून गेली. शिवाय २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. कमी धोक्याच्या अ आणि ब वर्गासाठी (अ वर्गातले काही अपवाद सोडून) १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि जास्त धोक्याच्या क, ड वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. काल-परवापर्यंत वहीवर चालणारे, ड्रेन ट्यूबसारख्या वस्तू बनवणारे छोटे उद्योजक एकदम बीएमआरच्या जगात आले.

अशा छोट्या कारखान्याने कोट्यवधींची एमईएस घ्यायची गरज नाही, आणि एक्सेलच्या शीटवर सह्यांचा खेळही करू नये. माझ्या मते सुरुवात लेबलपासून करावी, कारण माल परत बोलवायची वेळ येते तेव्हा चुकीचं लेबल हे नेहमीच्या कारणांपैकी एक असतं, आणि चुकीचं लेबल म्हणजे अनेकदा आधीच्या लॉटचं टेबलावर राहिलेलं लेबल. एक प्रिंटर, दोन स्कॅनर आणि एक छोटा प्रोग्रॅम एवढ्यावर भागतं. लॉट स्कॅन केल्याशिवाय लेबल छापायचं नाही. छापलं तर जेवढे नग तेवढंच, मोठा गठ्ठा आगाऊ नाही. लावलेली, खराब झालेली आणि फाडलेली यांची बेरीज छापलेल्यांशी जुळली नाही तर पुढच्या लॉटचं पहिलं लेबल बाहेरच येऊ द्यायचं नाही. पॅकिंगच्या टेबलावर लेबलांचा गठ्ठाच नसतो, त्यामुळे लाईन क्लिअरन्स लवकर आटपतो, आणि एवढ्याशा प्रोग्रॅमचं व्हॅलिडेशन कारखान्यातलाच एखादा इंजिनीअर करू शकतो. तीन-चार महिने हे सुरळीत चाललं, की सीलिंग मशीनची वायर त्याच प्रोग्रॅमला जोडायला घ्यावी.